ठिपका वर

त्या रविवारी दुपारी घरात जे भांडण झालं ते एका वायरच्या टोकावरून झालं, आणि त्याचं कुणाला काहीही वाटलं नाही. रविवारची दुपार भांडणाशिवाय गेली असती तर आईनेच विचारलं असतं, आज कुणाला बरं नाही का म्हणून.

बाबा जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून बसले होते. समोर त्यांचा आवाज टिपणारा रेकॉर्डर, मुठीत मावेल एवढा, पोट उघडून पडलेला. त्याच्या स्पीकरमधून खरखर येते अशी त्यांची आठवडाभराची तक्रार होती. शेवटी त्यांनी तारा कापून स्पीकरच काढला आणि काड्यापेटीत ठेवला. काड्यापेटीवर चिठ्ठी चिकटवली : ‘स्पीकर. दुरुस्तीस योग्य.’ इअरफोनचं भोक त्यांनी मागच्याच वर्षी डिंकाने बुजवलं होतं, कारण त्यातून धूळ जाते. म्हणजे आता रेकॉर्डर ऐकू शकत होता, बोलू शकत नव्हता. आईचं म्हणणं, या घरात राहायचं तर हाच गुण अंगी हवा.

बाबा आयुष्यभर वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. घड्याळं, थर्मामीटर, नळाची गळती, दाराची कुरकुर. वस्तू तपासून झाली की काडीच्या टोकाने तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे ‘तपासले’, आणि ठिपका ज्या बाजूला ती बाजू वर. छत्रीच्या मुठीवर ठिपका होता, पायपुसण्याच्या कोपऱ्यावर होता, आईच्या चष्म्याच्या डाव्या काडीवरसुद्धा होता. आणि तपासणीत जे काही आढळेल ते रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायचं. दर रविवारी थोरली त्या नोंदी वायर लावून आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची आणि रेकॉर्डर रिकामा करायची.

तिला घरात थोरली म्हणत. धाकटा परदेशी होता, त्यामुळे भांडायला बाबांच्या वाट्याला तीच आली होती.

त्या दिवशी तिने वायरचं टोक लॅपटॉपच्या कडेच्या भोकात घातलं आणि बाबा म्हणाले, “उलटी घातलीस.”

“बाबा, ह्याला उलट-सुलट नसतं.”

“ठिपका खाली गेला.”

“तो ठिपका तुम्ही लावलाय. ही सी-टाइपची पिन आहे. कशीही घाला, चालते. तोच तर तिचा गुण आहे.”

“प्रत्येक गोष्टीला वर-खाली असतं, थोरले. नुसत्या वजनाच्या मापालासुद्धा असतं. सपाट दिसतं म्हणून काय झालं?”

आता या ठिकाणी कुठल्याही शहाण्या मुलीने हसून पिन फिरवली असती. पण थोरलीचा पेशाच आडवा आला. यंत्रांबरोबर खोक्यात जी माहितीपत्रकं येतात, जी कुणीही न वाचता कचऱ्यात टाकतं, ती लिहिण्याचं काम ती करत असे. ‘ही वायर कोणत्याही बाजूने घालता येते’ हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने निदान सहा कंपन्यांसाठी लिहिलं होतं. त्या वाक्याचा अपमान तिच्याच टेबलावर होत होता.

तिने पिन काढली, बाबांना दिसेल अशी समोर धरली, ठिपका मुद्दाम खाली केला आणि पुन्हा घातली. नोंदी भराभर उतरल्या. “बघा.”

“आज चालेल,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खोबणीत ठिपका वर करून ठेवला.

थोरली आत जाऊन आडवी झाली. बाहेरून बराच वेळ बारीक टकटक ऐकू येत होती. काहीतरी तपासत असतील, असं मनाशी म्हणत तिने कूस बदलली. नंतर गॅलरीतून त्यांचा रेकॉर्डरशी बोलण्याचा आवाज आला, खात्याला अहवाल देतात तसा, सपाट. मग तिने चहा टाकला, हाक मारली, सगळ्यांनी चहा घेतला. वायरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालायला खाली वाकले, ते पुन्हा सरळ झालेच नाहीत.

*

महिन्याभराने आईने रेकॉर्डर आणून टेबलावर ठेवला. त्याच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं होती : नोंद ११२, सात मिनिटं.

“ही त्या दिवशीची आहे,” आई म्हणाली. “गॅलरीत बसून केलेली. मला ऐकायचीय.”

थोरलीलाही ऐकायची होती, आणि तितकीच ऐकायची नव्हतीही. ‘तुम्हाला काही कळत नाही’ हे ऐकून माणूस गॅलरीत जातो आणि सात मिनिटं बोलतो, ते कशाबद्दल बोलला असेल, याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नव्हती. पण आईला तसं सांगता येईना. तिने लॅपटॉप उघडला आणि वायर घातली. ठिपका खाली. हाताला आता तीच सवय होती. खरं म्हणजे ठिपका वर करून पिन घालणं म्हणजे त्या रविवारच्या भांडणातला विजय बाबांच्या नावावर लावून टाकणं, आणि तेही ते समोर नसताना. या घरात बाप-लेकीने एकमेकांना ‘तुझं बरोबर आहे’ म्हटल्याची एकही नोंद नव्हती. एकशे बाराव्यातही असण्याची शक्यता कमी.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र आलं. रेकॉर्डर चार्ज होऊ लागला. बस. नोंद नाही, फोल्डर नाही, काही नाही. जसा एखादा पाहुणा जेवतो पोटभर, पण बोलत काहीच नाही.

“आलं का?” आईने विचारलं.

“येईल.”

हा ‘येईल’ तिला पुढे अकरा दिवस पुरला.

आधी तिने स्वतःच्याच पत्रकातले उपाय केले. बंद करून चालू केलं. वायर काढून घातली. पुन्हा काढून घातली. वायर बदलावी म्हणून दुकानातून नवी आणली. तिने तर चार्जसुद्धा होईना. दुकानदार म्हणाला, ही चार्जिंगची नव्हे, शोभेची आहे, चुकून दिली. मग भोकात धूळ असेल म्हणून टूथपिक घेतली आणि माहितीपत्रकात स्वतःच ठळक अक्षरांत लिहिलेल्या ‘टोकदार वस्तू वापरू नये’ या सूचनेकडे दुर्लक्ष करून ती आत फिरवली. कापसाचा एक बारीक तंतू निघाला. तिला इतका आनंद झाला की तिने तो आईला दाखवला. आईने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, “ह्याच्यामुळे ते बोलत नव्हते?”

तंतू गेला. नोंद तरीही येईना. उलट आधी मधूनच क्षणभर जे फोल्डर डोकावून जायचं, ते आता डोकावायचंही थांबलं.

मग धाकट्याला व्हिडिओवर धरलं. तो तिकडे ऑफिसला निघायच्या घाईत, तोंडात टूथब्रश.

“ताई, रीस्टार्ट केलंस?”

“केलं.”

“नीट केलंस?”

“रीस्टार्ट नीट म्हणजे कसा करतात रे? हात जोडून?”

“चिडू नकोस. सेटिंगमध्ये जा. तिथे खाली... थांब, तुझं सेटिंग माझ्यापेक्षा वेगळं दिसतंय. तुझं मशीनच जुनं आहे ताई. नवं घेऊन टाक.”

“नवं घेतलं की ह्यातून त्याच्यात नोंदी कोण नेणार? तू येणार?”

टूथब्रश तोंडातून काढून तो म्हणाला, “काय आहे ग त्यात? आई रोज विचारतेय मला.”

“आलं की पाठवते,” ती म्हणाली. येईल या शब्दाचं हे परदेशी रूप.

इथवर हे घरातलं प्रकरण होतं. पण जिन्यात दोनदा लॅपटॉप काखेत घेऊन दिसलेलं माणूस इमारतीची मालमत्ता होतं. वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, तांदळात ठेव. थोरलीने सांगितलं की तांदळात भिजलेला फोन ठेवतात, हा भिजलेला नाही. मावशी म्हणाल्या, “तुला नक्की माहीत आहे का नाही भिजलाय म्हणून? रडतेस ना तू त्याच्यासमोर बसून.” थोरली रडत नव्हती. निदान लॅपटॉपसमोर तरी नाही. तिने तसं ठामपणे सांगितलं. मावशींनी ज्या मायेने “बरं बरं” म्हटलं, त्यावरून संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यापर्यंत जाणार हे स्पष्ट झालं.

ती गेलीच, कारण संध्याकाळी शेजारचे काका आपला लॅपटॉप घेऊन दारात हजर. यांना इमारतीत सगळे अपडेट काका म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले. यंत्राच्या पडद्यावर कुठलाही प्रश्न आला की न वाचता ‘हो’ म्हणायचं, हे त्यांचं संगणकशास्त्र. ‘विचारतंय म्हणजे त्याच्या भल्यासाठीच विचारतंय’ हा त्यामागचा सिद्धांत. त्यांच्या या भाबडेपणामुळे त्यांच्या लॅपटॉपवर सात निरनिराळी हवामानं दिसत आणि एकही खरं नसे.

“बेटा, तुझं मशीन राहू दे. माझ्या मशीनला लाव. काम झालं.”

रेकॉर्डर लावला. काकांच्या लॅपटॉपने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि प्रश्न टाकला : हे उपकरण ओळखता येत नाही. वापरण्यापूर्वी त्यावरील सर्व माहिती पुसून टाकायची का?

“विचारतंय,” काका खूश होऊन म्हणाले, आणि त्यांचं बोट ‘हो’कडे निघालं.

थोरलीने आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाचा हात कधी पिरगाळला नव्हता. त्या दिवशी पिरगाळला. आईने वायर उपटली, रेकॉर्डर पदरात धरला आणि दोन निर्णय तिथल्या तिथे जाहीर केले. एक, रेकॉर्डर यापुढे घराबाहेर जाणार नाही. दोन, बाहेरचं कुठलंही मशीन त्याला हात लावणार नाही. जे काय व्हायचं ते थोरलीच्या लॅपटॉपवर होईल, कारण ‘ह्यांनी तोच तपासला होता.’

“पण मनगट चांगलं मजबूत आहे हो तुझं,” काका मनगट चोळत म्हणाले. ते रागावले नाहीत, हे जास्त त्रासाचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते जिन्यात भेटले की आधी हात मागे घ्यायचे आणि मग विचारायचे, “आलं का?”

*

चौकात एक दुरुस्तीवाला होता. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर त्याला उभं राहावं लागे आणि यंत्र आत आलं तर गिऱ्हाइकाला बाहेर. त्याने लॅपटॉप घेतला, खिशातून एक बुटका सी-टाइपचा पेनड्राइव्ह काढला, न बघताच त्याच भोकात खुपसला. पडद्यावर फोल्डर उघडलं.

“ताई, मशीन ठणठणीत आहे.”

“घरी होत नाही.”

“इथे होतंय.”

तिने लॅपटॉप घरी आणला. टेबलावर ठेवला. वायर घातली. चार्जिंग. शांतता. आई समोर खुर्ची ओढून बसलेली, तिने चष्मा काढून परत डबीत ठेवला. चष्म्याच्या डबीचं झाकण लागल्याचा तो आवाज थोरलीला नकोसा झाला होता.

पुन्हा चौक. दुरुस्तीवाल्याने पुन्हा खिशातून पेनड्राइव्ह काढला, पुन्हा खुपसला. या वेळी काही नाही. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. वाटेत हिने काहीतरी केलंय, असा तो पाहण्याचा अर्थ होता.

“सकाळी चालू होतं.”

“मी तेच सांगतेय. कधी चालतं, कधी नाही.”

“घरी पडलं-बिडलं का?”

“नाही.”

“लहान मुलं?”

“नाहीत.”

“मग मोठ्या माणसांनी?”

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा दुकानात पुन्हा चाललं. दुरुस्तीवाला कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, “हे मशीन तुमच्या घरी रुसतंय ताई. घरात काही झालंय का?”

थोरलीने लॅपटॉप मिटून काखेत घेतला. तिने बरंच वाचलेलं होतं. रुसलेली यंत्रं फक्त भिकार कथांमध्ये असतात हे तिला ठाऊक होतं. पण चौकातून घरी परतताना तिने लॅपटॉप काखेतून काढून दोन्ही हातांत घेतला, हेही खरं.

चौथ्या दिवशी त्याने हात टेकले. आतली पाटीच, म्हणजे मदरबोर्ड, बदलावी लागेल, ती फक्त कंपनीच्या सेवा केंद्रात मिळते, आणि तिथे जाताना डबा घेऊन जा, असं त्याने सांगितलं. शेवटची सूचना तिला तेव्हा थट्टा वाटली.

सेवा केंद्रात तीन माणसं बसली होती आणि तिला सत्तेचाळीसावा क्रमांक मिळाला. मधले त्रेचाळीस कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती आपल्या डब्यातलं खाऊन मोकळी झाली तेव्हा कुठे तिला हाक आली. खिडकीपलीकडच्या बाईने एक अर्ज पुढे सरकवला. बिघाडाचं स्वरूप : (अ) चार्ज होत नाही, (ब) चालू होत नाही, (क) दोन्ही.

“माझं ह्यातलं काहीच नाही,” थोरली म्हणाली. “चार्ज होतं. माहिती जात नाही.”

“चार्ज होतं ना? मग पोर्ट चालू आहे.”

“अर्धं चालू आहे.”

“अर्ध्याचा रकाना नाही.” बाईने थोडा विचार करून स्वतःच ‘क’वर खूण केली. “पावती?”

पावती होती. बाबांच्या कपाटात ‘यंत्रे’ अशी फाइल होती, तिच्यात तारखेनुसार लावलेली. लॅपटॉप त्यांनीच तिला वाढदिवसाला घेऊन दिला होता. बाईने पावती पाहिली, मग तिला पाहिलं.

“ह्यांच्या नावावर आहे. मालकांना स्वतः यावं लागेल.”

“ते वारले.”

“अरेरे.” बाई खरंच हळहळली. मग म्हणाली, “मग त्यांचं संमतीपत्र आणलंय का?”

थोरलीने दीर्घ श्वास घेतला. तिच्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनीही घेतला. बाईच्या लक्षात आलं, ती किंचित लाल झाली, आणि त्या लाजेवर उपाय म्हणून तिने आणखी नियम काढले. मृत्यूचा दाखला. सर्व वारसांची ना-हरकत, म्हणजे आईची आणि परदेशातल्या भावाचीसुद्धा, त्याची तिथल्या वकिलातीचा शिक्का मारून. एका नखाएवढ्या भोकासाठी. घराची वाटणी याहून कमी कागदांत झाली असती.

“शिवाय पाटी बदलली की आतलं सगळं पुसलं जातं. त्याला मान्यतेची सही इथे. आधी बॅकअप घेऊन ठेवा.”

“कशातून घेऊ?”

“पोर्टमधून.”

आत बाबांच्या एकशे अकरा नोंदी होत्या. नळाची गळती, मिनिटाला नऊ थेंब. दाराची कुरकुर, तेल दिल्यावर बंद. सही न करता तिने पेन खाली ठेवलं.

“हे बघा,” बाई समजुतीने म्हणाली, “पुष्कळदा काही बिघाडच नसतो. लोक सूचना वाचत नाहीत.” आणि तिने खणातून एक घडी घातलेला कागद काढून दिला. ‘पोर्टची तक्रार : घरच्या घरी करण्याचे सात उपाय.’ “आधी हे सगळं करून बघितलंत का?”

थोरलीने कागद उलगडला. पहिलं वाक्य वाचलं, आणि दुसरं वाचायची गरज उरली नाही.

“हे मी लिहिलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“हे पत्रक. दोन वर्षांपूर्वी. मी लिहिलंय हे.”

बाईने पत्रकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मनापासून आनंदली. “मग तर काही प्रश्नच नाही! तुम्हाला सगळं माहीतच असणार.” आणि तिने पुढचा क्रमांक पुकारला.

*

घरी आल्यावर थोरलीने ते पत्रक टेबलावर टाकलं, शेजारी लॅपटॉप ठेवला आणि चपला न काढता बसून राहिली. आईने पाण्याचा पेला आणून दिला. ‘आलं का’ विचारलं नाही. आई विचारत नाही म्हणजे आईनेही सोडून दिलंय, असं तिला वाटलं, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा तो प्रश्न तिला हवासा वाटला. इतके दिवस ती आईसाठी धावत होती. निदान तसं समजून चालली होती.

“पाटी बदलायची तर बाबांच्या आधीच्या नोंदी जातात,” ती म्हणाली. “नाही बदलायची तर ही येत नाही. एक काहीतरी ठरव.”

आईने काही ठरवलं नाही. तिने पत्रक उचललं, चष्मा लावला आणि वाचायला बसली. आजवर थोरलीने लिहिलेलं एकही पत्रक घरात कुणी पुरतं वाचलं नव्हतं, बाबा सोडून. ते पेन्सिल घेऊन वाचत आणि समासात प्रश्नचिन्हं काढत, यावरून चार स्वतंत्र भांडणं झाली होती. आई ओठ हलवत हळूहळू वाचत गेली आणि तिसऱ्या कलमाशी थांबली.

“‘वायर कोणत्याही बाजूने घातली तरी चालते.’ असं आहे का?”

“हो.”

“मग तू नेहमी तो ठिपका खालीच का ठेवतेस?”

“कसाही ठेवला तरी चालतो म्हणून.”

“कसाही चालतो तर कधी वर का नाही?”

थोरली वाकून चपला काढू लागली. तिच्याजवळ उत्तर होतं. पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

“एवढी चौकात गेलीस चार वेळा,” आई म्हणाली. “बिचाऱ्या काकांचा हात मोडायला निघालीस. एकदा ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे घालून बघायला काय जातंय?”

“आई, त्याला वर-खाली नसतं!”

हे ती त्याच खुर्चीत बसून, त्याच आवाजात म्हणाली. दोघींनाही ते ऐकू आलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीतून कुणी “आज चालेल” म्हणालं नाही.

तिने वायर उचलली. बाबांचीच वायर. पिनेवरचा ठिपका झिजून मोहरीहूनही बारीक झाला होता, आणि तो नेहमी खाली राहिल्यामुळे तिने तो कित्येक दिवसांत पाहिलाच नव्हता. काहीही होणार नाही, याची तिला खात्री होती. ती आईला दाखवण्यापुरतं करत होती. तिने पिन बोटांत फिरवली. ठिपका वर केला. घातली.

बॅटरीचं चित्र आलं. मग त्याच्या शेजारी फोल्डर उघडलं. मग त्यातली एकुलती एक नोंद उतरली : ११२.

आईने खुर्ची पुढे ओढली. थोरलीच्या आधी आईनेच बोट पुढे करून, अपडेट काकांसारखं न विचारता, बटण दाबलं.

आधी खोकला. मग तो अहवालाचा आवाज.

“नोंद एकशे बारा. रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. छत्री तपासली, एक काडी सैल. पुढे. थोरलीचा लॅपटॉप, कडेचं भोक. वायर ठिपका खाली ठेवून घातली असता सात वेळांपैकी चार वेळा फोल्डर दिसलं. ठिपका वर ठेवून घातली असता सातपैकी सात. चार्जिंग दोन्ही बाजूंनी व्यवस्थित. म्हणजे आतल्या दात्यांची एक बाजू झिजत आहे.”

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज.

“थोरली म्हणते, मला ह्यातलं कळत नाही. ते बरोबर आहे. आतलं मला काही कळत नाही. मला फक्त मोजता येतं.” पुन्हा खोकला. “आत्ता सांगितलं तर चिडेल. त्यामुळे इथे नोंदवून ठेवतो. पुढच्या रविवारी उतरवून घेईल तेव्हा ऐकेलच. तिच्या त्या कागदातलं तिसरं कलम मात्र सुधारायला हवं. बाकी कागद चांगला लिहिलाय. सोपा आहे. हे तिला सांगायचं राहून जातं. नोंद समाप्त.”

ती समाप्त झाली नव्हती. बंद करायचं ते विसरले होते. पुढची चार-पाच मिनिटं खुर्चीची कुरकुर होती, खालून गेलेली एक सायकल होती, त्यांचा श्वास होता. मग लांबून, आतून, थोरलीचाच आवाज आला, त्रासिक : “बाबा, चहा निवतोय!” आणि अगदी जवळून, “आलो, आलो.” आणि खट्.

आईने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “माझ्याबद्दल एक शब्द नाही. छत्रीबद्दल आहे.”

थोरली हसली, आणि हसता हसता तिला ते आवरेना. चौदा वेळा. ती आत कूस बदलत असताना त्यांनी ती पिन चौदा वेळा काढून घातली होती. सातातल्या त्या चाराचं शून्य तिने नंतर स्वतःच्या हाताने, टूथपिकने केलं होतं; चौकातला पेनड्राइव्ह मात्र कधी सुलटा गेला, कधी उलटा. आणि सगळ्यावरचा उपाय त्याच नोंदीत होता, कुलुपाची किल्ली कुलुपाच्या आत असावी तसा. तो मिळावा म्हणून ती अकरा दिवस गावभर फिरली होती.

तिने खणातून पेन्सिल काढली, पत्रक समोर ओढलं आणि तिसऱ्या कलमाच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. मग काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणालीस?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही कसं? तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. त्यांना तसलं कधीच ऐकू यायचं नाही.”

थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि अहवाल देतात तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली,

“बाबा, तुमचं बरोबर होतं.”